अर्ध्या मिलिमीटरचं ऐकणं

बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आमच्या वर्कशॉपमध्ये सोनोग्राफीचा प्रोब दुरुस्तीला आला की त्याची पहिली तपासणी जेल न लावताच होते. प्रोब मशीनला जोडायचा, कोरडाच हवेत धरायचा आणि पडद्याकडे बघायचं. प्रोबमधून निघणारा आवाज हवेत शिरत नाही. प्रोबच्या तोंडाशीच तो आपटतो, मागे फिरतो, पुन्हा आपटतो, आणि पडद्याच्या माथ्याशी एकाखाली एक उजळ पट्टे उमटतात. मग एक यू-पिन सरळ करायची आणि तिची बोथट बाजू प्रोबच्या तोंडावरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अगदी सावकाश ओढत न्यायची. पिन टेकते तिथे पडद्यावर एक रेघ लोंबते आणि पिनेबरोबर सरकत जाते. तोंडाआड ओळीने बसवलेल्या क्रिस्टलांपैकी चाळीस-पन्नास ओलांडेपर्यंत ती नीट चालते आणि एका जागी विझते. जरासं पुढे सरकलं की पुन्हा लागते. विझली तिथला क्रिस्टल मेलेला असतो. ‘मेला’ हाच आमच्याकडचा शब्द.

असा प्रोब आदल्या दिवसापर्यंत कुठल्यातरी दवाखान्यात पेशंटांच्या पोटावर फिरत असतो, आणि कुणाला पत्ता नसतो. कारण पडद्यावरची प्रत्येक रेघ अनेक क्रिस्टल मिळून काढतात. त्यातला एखादा गप्प बसला तरी रेघ येते, फक्त थोडी फिकी, थोडी धूसर. स्टॉकहोमच्या संशोधकांनी स्वीडनमधल्या ३२ रुग्णालयांत रोजच्या वापरात असलेले ६७६ प्रोब तपासले आणि २००९ साली निष्कर्ष छापले. जवळजवळ ४० टक्के प्रोबांत काही ना काही दोष निघाला. स्वीडनसारख्या देशातला हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे पुस्तक तिथूनच सुरू झालं. बेळगावात आईच्या पोटाची सोनोग्राफी होती. मी पलंगाशेजारी उभा. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक काळसर पट्टा होता. डॉक्टर प्रोब फिरवत होते, यकृत गेलं, मूत्रपिंड आलं, पट्टा जागचा हलेना. शरीरातल्या कशाची सावली असती तर प्रोब हलल्यावर ती सरकली असती. ही सावली प्रोबचीच होती. मी दबकतच सांगितलं, ‘डॉक्टर, तो पट्टा आईचा नाही, प्रोबचा आहे.’ ते रागावले नाहीत. दुसरा प्रोब लावला, आणि पित्ताशयाच्या तळाशी एक खडा दिसला, त्याच्याखाली त्याची स्वतःची काळीभोर सावली. पहिल्या प्रोबने नेमकी तीच जागा झाकली होती. डॉक्टर म्हणाले, ‘अहो, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही.’ सांगणार तरी कोण? डॉक्टर पडदा वाचायला शिकलेले असतात. प्रोबचं तोंड कसं आहे, आत काय आहे, ते कशाने बिघडतं, हे मशीनबरोबर येणाऱ्या जाडजूड पुस्तकात असतं, आणि ते पुस्तक मशीनच्या खोक्यातून सहसा बाहेर येत नाही.

म्हणून ही टिपणं. ती आधी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी लिहिली. लातूर, कोल्हापूर, निपाणी, खानापूर अशा गावांतून ही मुलं डिप्लोमा करून बंगळुरात येतात. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण इंग्रजीत वाचलेलं समजलं की नाही हे त्यांचं त्यांनाच कळत नाही. मराठीत सांगितलं की लगेच उलट प्रश्न येतो, आणि उलट प्रश्न आला की शिकवणाऱ्याला बरं वाटतं.

शब्दांविषयी थोडं. ‘सोनोग्राफी’ महाराष्ट्रात घरोघरी आहे. बंगळुरात त्यालाच ‘स्कॅनिंग’ म्हणतात. प्रोबला, म्हणजे ट्रान्सड्यूसरला, परिभाषेत ‘ऊर्जापरिवर्तक’ आहे, पण तो कुठल्या दवाखान्यात कुणाच्या तोंडी नाही, म्हणून मी प्रोबच ठेवला. ‘दाबविद्युत’ मात्र मुद्दाम वापरला आहे. पीझोइलेक्ट्रिक म्हटल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. दाबविद्युत म्हटलं की अर्धं काम झालेलं असतं. दाब दिला की वीज. गॅस पेटवायच्या लायटरचा खटका दाबल्यावर उडणारी ठिणगी तीच.

१८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी या विशीतल्या दोघा भावांनी क्वार्ट्झ, टूर्मलीन, रोशेल मीठ असे स्फटिक दाबून बघितले आणि त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो हे दाखवलं. त्यांच्या यादीत उसाची साखरही होती. ऊसपट्ट्यातल्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. खडीसाखरेच्या खड्यात हा गुण आहे हे ऐकून त्यांचे डोळे विस्फारतात. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी कागदावर गणित मांडून सांगितलं की याचं उलटही झालं पाहिजे, वीज दिली की स्फटिकाने आकार बदलला पाहिजे. क्यूरी बंधूंनी तेही करून दाखवलं. सोनोग्राफीचं सगळं घर या दोन वाक्यांवर उभं आहे. वीज दिली की हलणारी आणि हलवलं की वीज देणारी चकती एकाच वेळी तोंडही असते आणि कानही. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी ती समुद्रात उतरवली. माणसाच्या पोटावर ती नीटपणे यायला आणखी चाळीस वर्षं गेली. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पोटातल्या गाठींवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला तो १९५८ साली.

या पुस्तकात मला एकच गोष्ट ठसवायची आहे: प्रोबचं काम मुख्यतः ऐकण्याचं आहे. पोटासाठी साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोब घेतात. सेकंदाला ३५ लाख कंपनं; आपला कान २० हजारांपाशीच थांबतो. क्रिस्टलला विजेचा झटका बसतो, तो दोन-तीन हेलकावे खातो आणि स्तब्ध होतो. याला एक मायक्रोसेकंदही लागत नाही. मग तो ऐकत बसतो. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, म्हणजे एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद लागतात आणि पंधरा सेंटिमीटरवरून परत यायला १९५. एक भाग बोलणं आणि दोनशे भाग ऐकणं. अशा सव्वाशेच्या वर रेघा मिळून एक चित्र होतं आणि सेकंदाला अशी चाळीस चित्रं पडद्यावर येतात. आणि ऐकायचं तरी काय? पंधरा सेंटिमीटर जाऊन येईपर्यंत वाटेतच आवाजाची तीव्रता दीड-दोन लाख पटींनी उतरलेली असते. परत फिरताना जे हरवतं ते वेगळंच. कंपनं वाढवावीत तर चित्र बारीक येतं पण आवाज लवकर विरतो. म्हणून थायरॉइडसाठी १० मेगाहर्ट्झ चालतो आणि यकृताच्या तळाशी तो पोचतच नाही.

क्रिस्टलची जाडी त्याच्या कंपनांवरून ठरते. ३.५ मेगाहर्ट्झला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, १० मेगाहर्ट्झला ०.२ मिलिमीटर. दहा-वीस लाखांच्या मशीनचं चित्र एवढ्याशा जाडीत ठरतं. तिथे जे ऐकू आलं नाही ते पुढचा कुठलाही संगणक पडद्यावर आणू शकत नाही.

हेलकावे लगेच थांबावेत यासाठी काय करतात ते तबला वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. मोकळी थाप मारली की नाद रेंगाळतो, थाप मारून तळवा तसाच ठेवला की तुटतो. क्रिस्टलच्या पाठीशी टंगस्टनची पूड घातलेल्या इपॉक्सीचा थर असतो, तो हा तळवा. नाद रेंगाळला तर शरीरातल्या जवळजवळच्या दोन पृष्ठभागांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि एकच दिसतात. तळवा फार दाबून धरला तर नाद स्वच्छ तुटतो, पण आवाज मुळातच दबका होतो आणि ऐकूही कमी येतं. किती दाबायचं यातच प्रोब बनवणाऱ्याचं कसब आहे, आणि दोन कंपन्यांच्या प्रोबांतला फरक बऱ्याचदा इथेच असतो.

पुढच्या बाजूची अडचण निराळी. क्रिस्टल कडक, शरीर मऊ. आवाजाच्या हिशेबात, म्हणजे ध्वनिरोधाच्या मापात, क्रिस्टल ३० तर शरीर दीड. थेट टेकवला तर ८० टक्क्यांहून जास्त शक्ती उंबऱ्यावरूनच परत फिरते. उंच ओट्यावरून अंगणात उतरायला मध्ये पायरी लागते, तसा मधल्या कडकपणाचा पाव तरंगलांबीचा थर इथे लावतात. चांगल्या प्रोबात अशा दोन पायऱ्या असतात. त्यावर सिलिकॉन रबराचं भिंग. या रबरात आवाज शरीरापेक्षा हळू चालतो, म्हणून बाहेर फुगलेलं भिंग त्याला एका पातळीत आणतं. सर्वांत शेवटी जेल, कारण त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा कागदाएवढा पापुद्रा राहिला तरी सगळं संपलं. दवाखान्यांतून येणारे निम्मे प्रोब या रबरापाशीच गेलेले असतात. स्पिरिटचा बोळा रोज फिरवून ते चिरतं, खालचा थर सुटतो, आणि सुटलेल्या जागी हवा शिरते. बाकीच्यांची केबल ट्रॉलीच्या चाकाखाली आलेली असते. त्या केबलमध्ये केसासारख्या १२८ तारा, प्रत्येकीला स्वतःचं आवरण. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जोडणाऱ्या आमच्याकडच्या दोघी तुमकूरच्या आहेत. एक तार जोडताना त्या श्वास रोखून धरतात आणि मग कन्नडमध्ये पुढचा आकडा पुटपुटतात. या पुस्तकातलं केबलचं प्रकरण त्यांनी मला तोंडी सांगितलेलं आहे.

खुद्द क्रिस्टल म्हणजे, खरं सांगायचं तर, एकसंध स्फटिक नव्हेच. ती भाजलेली माती आहे, चिनीमातीच्या जातीची. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांची ऑक्साइडं दळायची, दाबायची आणि बाराशे अंशांच्या वर भट्टीत भाजायची. शिसं उडून जातं म्हणून भांडं झाकायचं. याला पीझेडटी म्हणतात. भट्टीतून निघालेल्या चकतीत दाबविद्युत नसते. तिच्यातले सूक्ष्म कण दहा दिशांना तोंडं करून बसलेले असतात आणि एकाचं काम दुसरा खोडतो. म्हणून तिला गरम तेलात बुडवून मिलिमीटरला दोन-तीन हजार व्होल्ट देतात. कण एका दिशेला वळतात, चकती थंड होते, दिशा टिकते. पुन्हा फार तापवली की ती दिशा विस्कटते. प्रोब ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका असं आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगतो त्यामागे हे एक कारण आहे. आतला डिंक सुटतो हे दुसरं.

झिर्कोनियम आणि टायटॅनियमचं प्रमाण ५२ ला ४८ च्या जवळ ठेवतात. एका बाजूला गेलं तर अणूंची रचना एका प्रकारची होते, दुसऱ्या बाजूला गेलं तर दुसऱ्या. दोन्हींच्या सीमेवर हा पदार्थ सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, कारण तिथे त्याला दोन्हींकडे वळायला फार कष्ट पडत नाहीत. मी सीमाभागात वाढलो. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दोन्ही. हा भाग शिकवताना मला दरवेळी आमची गल्ली आठवते.

हे पुस्तक बंगळुरात लिहिलं जावं याला माझ्या पोटापाण्याखेरीज आणखी एक कारण आहे. १९३३ साली सी. व्ही. रामन कोलकात्याहून इथल्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले. जुने लोक तिला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईमुळे त्यांचे स्वर एकमेकांशी जुळतात, हे त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० सालीच ‘नेचर’मध्ये मांडलं होतं, आवाज हा त्यांचा जुना विषय. १९३४ साली त्यांनी इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस काढली आणि तिच्या नियतकालिकात १९३५-३६ मध्ये रामन आणि एन. एस. नागेंद्र नाथ यांचे पाच लेख आले. विषय होता श्राव्यातीत आवाजाच्या लहरींतून जाणारा प्रकाश.

प्रयोग असा की द्रवाने भरलेल्या काचेच्या भांड्यात क्वार्ट्झचा तुकडा विजेने थरथरवायचा. द्रवात आवाजाच्या लहरी उठतात, म्हणजे दाट-विरळ असे पट्टे पडतात. त्या भांड्यातून आडवा प्रकाशाचा झोत सोडला की पलीकडच्या पडद्यावर एका रेघेऐवजी रेघांची रांग दिसते. हे १९३२ साली अमेरिकेत डिबाय आणि सीअर्स यांनी आणि फ्रान्समध्ये लुका आणि बिकार यांनी पाहिलं होतं. पण रेघा इतक्या का, आणि आवाज वाढवत नेला की काही रेघा विझून पुन्हा का उजळतात, हे उलगडत नव्हतं. रामन-नाथ यांनी सांगितलं की प्रकाशाचा सपाट तरंग द्रवातून बाहेर पडतो तो पन्हाळी पत्र्यासारखा वळ्यावळ्यांचा होऊन. त्या वळ्या किती खोल आहेत यावर कुठली रेघ किती उजळ ते ठरतं. गणितासह ठरतं. प्रोबमधून निघणारा आवाज पाण्यात कसा पसरतो हे त्याला हात न लावता प्रकाशाने तपासायच्या पद्धती आहेत, त्यांच्या मुळाशी हेच गणित आहे. तुमकूर रोडने यशवंतपूरवरून पीण्याला येताना ती संस्था मागे पडते. रोज त्या वाटेने जाणाऱ्या आमच्यातल्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं, आणि मलाही चाळिशी उलटेपर्यंत नव्हतं.

शहरातला पुढचा इतिहास कारखान्यांचा आहे. विप्रो आणि जीई यांची भागीदारी १९९० साली झाली, २००० साली जीईचं संशोधन केंद्र व्हाइटफील्डमध्ये उभं राहिलं, आणि वैद्यकीय यंत्रांची दुरुस्ती-देखभाल करणारी आमच्यासारखी लहान दुकानं आजूबाजूला वाढली. संस्थेतही काम थांबलेलं नाही. राजीव रंजन यांच्या गटाने विजेखाली एक टक्क्याहून जास्त ताणला जाणारा पदार्थ २०१८ साली ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये मांडला, या जातीच्या भाजक्या पदार्थांत हा ताण सहसा याच्या निम्म्यालाही पोचत नाही. नॅनोविज्ञान केंद्रात रुद्र प्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या चकतीवर दाबविद्युत पापुद्र्याची इवलीशी ढोलकी बसवण्याचं काम केलं.

मराठी वाचकापुढे सोनोग्राफीविषयी लिहिताना एका गोष्टीला बगल देता येत नाही. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी आपण प्रत्येक सेंटरच्या दारात वाचतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ सालचा त्याच्यानंतरचा. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले गेले. रेडिऑलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि २०११ साली न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला. मला तो निर्णय योग्य वाटतो. सेंटरच्या नोंदणीची प्रत बघितल्याशिवाय आमच्या दुकानातून प्रोब बाहेर जात नाही, आणि त्यापायी गेलेल्या गिऱ्हाइकांची मला खंत नाही. ज्या अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीने माझ्या आईच्या पोटातला खडा दाखवला, तिच्याच जातीच्या चकतीने लाखो मुली जन्माआधी पुसल्या गेल्या. प्रोबविषयी लिहिणाऱ्याने हे पहिल्या पानांतच लिहिलं पाहिजे.

पुस्तकातलं एक प्रकरण वजनाने मोठं झालं आहे, ते शिशाचं. पीझेडटीच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक शिसं असतं. शिसं नसलेले पदार्थ शोधण्यावर जगभर जोर आहे. टोयोटाच्या प्रयोगशाळेतून २००४ साली आलेला एक पदार्थ पीझेडटीच्या जवळ पोचला, पण प्रोबमधून पीझेडटी अजून हटलेलं नाही, आणि युरोपनेही त्याला नियमातून सवलत ठेवली आहे. खिशात मावणारे, दाबविद्युतऐवजी सिलिकॉन चिपवरच्या सूक्ष्म पडद्यांनी ऐकणारे प्रोब २०१८ पासून बाजारात आहेत. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात ते उपयोगी पडतील असं मला वाटतं. पण खोलवरचं बारीक ऐकायचं असेल तर माझा भरवसा अजून भाजलेल्या मातीवर आहे. जुना प्रोब फोडून भंगारात टाकू नये एवढं मात्र आजच पाळता येईल. त्यातलं शिसं कुणाच्या तरी विहिरीत जातं.

प्रकरणं कुठूनही वाचावीत. ज्यांच्या हाताशी मशीन आहे त्यांनी आधी एक करावं. सकाळी पहिला पेशंट येण्यापूर्वी प्रोब स्वच्छ पुसावा, जेल लावू नये, गेन थोडा वाढवावा आणि पिन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यावी. दोन मिनिटं लागतात. रेघ कुठे विझली तर कडेपासूनचं अंतर वहीत लिहून ठेवावं, तारखेसह. पुढच्या महिन्यात तीच जागा रुंदावली आहे का ते बघायला ती तारीख लागते.